आईची कवळी

आईची कवळी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आम्हांला किळस आली, हे आधीच कबूल करतो. तिचे उजवे मनगट मोडले आणि बारा वर्षे मोरीचे दार लावून ती जे काम उरकीत आली होती, ते आमच्याकडे आले. कवळी तोंडाबाहेर असेपर्यंत डाव्या हाताने पदर ओठांशी धरून ती भिंतीकडे पाहत बसे. तेवढा वेळ एक अक्षर बोलत नसे.

खालच्या कवळीच्या पुढच्या दातांमागे पिवळट, खडबडीत कीटण धरले होते. बोअरच्या पाण्याने नळाला धरते तसेच. आम्ही पाण्यालाच दोष दिला आणि ब्लेडने ते खरवडून काढले. कीटण निघाले, पण गुलाबी ॲक्रिलिकवर चरे उमटले आणि पुढचा थर नेमका त्या चऱ्यांत अधिक चिवटपणे बसला.

दंतवैद्यांनी आमचे अज्ञान दूर केले. हा थर मुख्यतः लाळेतल्या कॅल्शियम फॉस्फेटचा. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडे उघडतात, म्हणून तो तिथे आधी जमतो. वरच्या कवळीवर दाढांच्या गालाकडच्या बाजूस जमतो, कारण तिथेही एक ग्रंथी उघडते. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात कवळी अर्धा तास बुडवावी, थर भुसभुशीत झाला की मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावी. उकळते पाणी वर्ज्य, त्याने आकार बिघडतो. टूथपेस्टही नको, तिनेही चरे पडतात. (कवळीला धातूच्या तारा असतील तर आधी दंतवैद्यांना विचारावे.)

म्हणजे ज्याला आम्ही बोअरची घाण समजत होतो, ते आईच्याच देहातून आले होते. हे कळल्यावर किळस का ओसरली, सांगता येत नाही. वाढायला हवी होती.

त, थ, द, ध हे दंत्य, 'चमचा'मधला च दंततालव्य, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. दातांवाचून माणूस ही अक्षरे टाळण्यापेक्षा बोलणेच टाळतो, हे कोणत्याही व्याकरणात वाचले नव्हते. असो.

त्या दिवशी धुतलेली कवळी आईच्या हातावर ठेवली. तिने ती बसवली, जीभ आतून फिरवली, पदर खाली घेतला.

"आंबूस लागतंय," ती म्हणाली. "नीट धुतली नाहीस. परत धू."