कौतिकचे शनिवार

१८ जुलै
बारावीला आज 'साहित्यप्रकार : कथा' हा भाग सुरू केला. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, भाषाशैली. मुलांनी सगळं घरूनच पाठ करून आणलं होतं. विचारलं की धडाधड सांगतात. मात्र 'ही गोष्ट सांगतंय कोण?' असं विचारलं, तर वर्ग गप्प. घटकांची नावं येतात, पुस्तक उघडलं की ते सापडत नाहीत. उताऱ्यांवर हे भागणार नाही. सगळ्यांनी मिळून एक अख्खी कादंबरी वाचायला हवी. शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तास घेईन म्हटलं. "मॅडम, पेपरात येते का?" हा प्रश्न आलाच. येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. तरी निम्म्याहून जास्त पोरं थांबायला तयार झाली.

२७ जुलै
उद्धव शेळक्यांची 'धग' घेतली. १९६० सालची कादंबरी, वऱ्हाडातली, शिंप्याच्या घरातली. एका मुलाला 'ययाति' हवी होती. त्याच्या काकांकडे आहे, आणि खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालेलं त्याला ठाऊक आहे. ती घरी वाच म्हणाले. इथे मला असं पुस्तक हवं होतं की ज्यातलं बोलणं या पोरांनी स्टँडवर, बाजार समितीत, जिनिंगच्या फाटकाशी रोज ऐकलेलं असेल.

संवाद मोठ्याने वाचायला दिले. पहिल्यांदा खूप हसली. छापलेल्या पुस्तकात 'काहून' नि 'मले' पाहायची सवयच नाही. मोताळ्याच्या बाजूने एसटीने येणारी एक मुलगी कौतिकचं बोलणं वाचायला उभी राहिली. तिने अभिनय केला नाही, घरी बोलते तसं वाचलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

१० ऑगस्ट
सगळ्यांना एक परिच्छेद लिहायला सांगितला : या कादंबरीचं आशयसूत्र काय? जवळजवळ प्रत्येक वहीत एकच वाक्य. कष्टाचे फळ मिळतेच, हे लेखकाला सांगायचे आहे.

मी फार अस्वस्थ झाले. कौतिक मरमर राबते. नवरा महादेव संसाराला खांदा देत नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि घराचा सगळा भार तिच्यावर पडतो. तिच्या कष्टाला फळ येत नाही. शेळके शेवटपर्यंत ते येऊ देत नाहीत, त्यासाठी तर ही कादंबरी आहे. आणि आमची हुशार मुलं पुस्तक वाचूनसुद्धा शाळेच्या भिंतीवरचा सुविचार उतरवून आणतात. दोष त्यांचा नाही. पहिलीपासून प्रत्येक धड्याखाली 'यातून काय बोध मिळतो?' हा प्रश्न आपणच ठेवत आलो. आशयसूत्र म्हणजे तात्पर्य नव्हे, हे एकदा सांगून भागत नाही. ते पुस्तकातच दाखवावं लागतं.

१७ ऑगस्ट
दाखवायचा प्रयत्न केला. फळ्यावर दोन प्रश्न लिहिले : कौतिक कोणती आशा धरते? त्या आशेचं पुढे काय होतं? मुलांनी पानं उलटून शोधलं. यादी वाढत गेली तसा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दर वेळी वाटते आता बरं होईन, अन् होतच नाही." कथानकाची रचना याहून चांगली मला सांगता आली नसती. लेखक आशा मोडतो, पण माणूस मोडल्याचं लगेच सांगत नाही. कौतिक पुन्हा उभी राहते, म्हणून पुढचा आघात जास्त लागतो. मुलांनी 'फळ मिळतेच' स्वतःच्या हाताने खोडलं.

मग निवेदनाकडे वळलो. माणसं वऱ्हाडी बोलतात, सांगणारा बहुतांशी प्रमाण मराठीत सांगतो. असं का? "लेखक दूर उभा आहे," एकीचं उत्तर. दुसरीला ते पटलं नाही. तिच्या मते लेखक तिथेच आहे, फक्त रडत नाही. मी दुसरीच्या बाजूची आहे. कौतिकची कीव करणारं एखादं विशेषण घालणं सोपं होतं. शेळके ते टाळतात, आणि न घातलेलं विशेषण हीसुद्धा शैलीच, हे वर्गाला पटवायला मला पाऊण तास लागला.

१४ सप्टेंबर
ताडून पाहायला 'बनगरवाडी'. माडगूळकरांची, १९५५ ची. तिथे सांगणारा मास्तर स्वतःच गोष्टीत आहे. बाहेरून येतो, धनगरांच्या वाडीत रुजतो, तालीम बांधून घेतो, आणि दुष्काळाने वाडी उठते. तो बाहेरचा म्हणून त्याला जे नवलाचं वाटतं, ते आपल्यालाही दिसतं. हे मुलांना झटकन कळलं.

१६ नोव्हेंबर
दिवाळीनंतरचा पहिला तास. कापसाची वेचणी सुरू आहे, त्यामुळे बाकं अर्धी रिकामी. कौतिक वाचणारी मुलगी आली, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली. आईबरोबर वेचायला जाते. आईला रात्री 'धग' वाचून दाखवली म्हणे. आई मध्येच म्हणाली, "ते पोरगी इतकी सोसते, मंग बोलत काहून नाई?" ती थेट पात्रचित्रणावर आली. कौतिक बोलते कधी, गप्प कधी, आणि तिचं गप्प राहणं लेखक कुठे ठेवतो? आजचा सगळा तास यावर गेला. उत्तरं वेगवेगळी आली, आणि प्रत्येकाने ती पानावर बोट ठेवून दिली. कोणी गाइड उघडलं नाही.

२३ नोव्हेंबर
पुढचं पुस्तक मुलांनी निवडलं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, आणि लिहिणारा पुरुष. १८९० मध्ये हरिभाऊंनी सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती, हे ऐकून एकाने विचारलं, "म्हणजे वाचणाऱ्या बाया दर आठवड्याला वाट पाहत असतील?" वाचता येणाऱ्या बायका तेव्हा किती थोड्या होत्या, ते मी सांगितलं. मग यमू कोणाशी बोलते आहे? मुलांचा वाद सुरू झाला. साडेपाचची एसटी धरायची होती, म्हणून तो तसाच ठेवून उठलो. पुढच्या शनिवारी पहिली दोन प्रकरणं वाचून यायची आहेत.