मेडल तुझं, तिकीट कुणाचं?

मैत्री टिकवायला प्रेम लागतं म्हणे. आमच्या ग्रुपला वाद लागतो.

ग्रुप म्हणजे विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची हॉस्टेल गँग. आता कुणी हिंजवडीत, कुणी बेंगळुरूत, एक जण थेट पोलंडमध्ये. लग्नं झाली, पोटं सुटली, पण वाद तसेच. आणि दर ऑलिम्पिकला एक प्रश्न हमखास वर येतो : आपला राहुल आवारे ऑलिम्पिकला का नाही गेला?

‘आपला’ म्हणजे मराठवाड्याचा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा गडी. लातूरच्या मातीतले दोन वस्ताद, हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार, यांच्या हाताखाली पुण्यात घडलेला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ५७ किलोत गोल्ड घेतलं. २०१९ मध्ये कझाकस्तानात जागतिक स्पर्धेत ब्राँझ. जगात तिसरा! मग घोडं अडलं कुठं?

“पॉलिटिक्स, दुसरं काय बे!” असं उत्तर ग्रुपवर अर्ध्या मिनिटात येतं. २०१९ पुरतं तरी खरं उत्तर नियमात आहे, आणि ते जास्त टोचणारं आहे.

म्हणजे बघा, जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये दहा वजनगट असतात. ऑलिम्पिकमध्ये फक्त सहा. २०१९ मध्ये त्या सहा गटांतल्या पहिल्या सहा जणांच्या देशांना टोकियोचा कोटा, म्हणजे एकेक जागा मिळणार होती. राहुलचं ब्राँझ होतं ६१ किलोत. हा गट ऑलिम्पिकमध्ये नाहीच! त्याच स्पर्धेत रवी दहियानंही ब्राँझच घेतलं, पण ५७ किलोत. रवीच्या ब्राँझनं टोकियोचं दार उघडलं आणि तिथून तो सिल्व्हर घेऊन आला. राहुलचं ब्राँझ घरच्या कपाटात गेलं.

फरक किती? चार किलो. तुमच्या-आमच्यासाठी चार किलो म्हणजे एका दिवाळीचा फराळ. पैलवानासाठी चार किलो म्हणजे करिअर.

यावर आमचा पोलंडवाला मित्र दरवेळी स्पीडवे घेऊन मध्ये पडतो. तिकडं हा खेळ आपल्या आयपीएलसारखा बघतात. अंडाकृती मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या. पाचशे सीसीची बाइक, एकच गिअर आणि ब्रेक नाहीतच! वळणावर बाइक आडवी घसरवत न्यायची. पहिल्याला तीन पॉइंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा.

या खेळाची पहिली जागतिक फायनल १९३६ साली लंडनच्या वेम्बलीत झाली. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन त्या रात्री पाचही शर्यती जिंकला. पंधरापैकी पंधरा! आणि आला तिसरा. कारण पात्रता फेऱ्यांतल्या कामगिरीचे बोनस पॉइंट फायनलच्या पॉइंटांत मिळवले जात होते. त्या बेरजेत दोघं त्याच्या पुढं निघाले आणि जगज्जेता झाला लायोनेल व्हॅन प्राग, फायनलच्या रात्री विल्किन्सनकडून हरलेला.

“काय सांगायलास बे! हा तर सरळसरळ अन्याय,” एकानं लिहिलं. दुसरा म्हणाला, “अन्याय कसला? बोनसचं गणित सगळ्यांना आधी माहीत होतं. एका रात्रीच्या फॉर्मवर वर्षाची मेहनत का सोडायची?” विल्किन्सननं बहुतेक हेच मनाशी धरलं असावं. दोन वर्षांनी, १९३८ साली, त्याच बोनसच्या पद्धतीत तो जगज्जेता झाला.

नंतर बोनस गेला. पुढं कित्येक दशकं एका रात्रीची फायनल चालली. १९९५ पासून वर्षभराची ग्रांप्री मालिका आली, तीत सगळ्या फेऱ्यांचे पॉइंट मोजतात. त्यातही प्रवेशाचे रस्ते वेगवेगळे. आदल्या वर्षी वरच्या नंबरात आलेले थेट आत. काही जण पात्रता स्पर्धा जिंकून आत. आणि उरलेल्या जागा वाइल्ड कार्डनं, म्हणजे निवडणाऱ्यांच्या मर्जीनं. मित्र म्हणतो, तिकडच्या पबमध्ये भांडणं होतात ती याच उरलेल्या जागांवरून.

पण निदान तिथं वाइल्ड कार्ड पाटी लावून मिळतं. आपल्याकडं काय झालं ते आठवा.

सप्टेंबर २०१५. लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलोत मुंबईत वाढलेल्या नरसिंह यादवनं ब्राँझ घेतलं आणि देशाला रिओची जागा मिळवून दिली. सलग तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेला हा मल्ल. पण याच गटात सुशील कुमार होता. दोन ऑलिम्पिक मेडल नावावर आणि मधल्या काळात दुखापत. तो म्हणाला, कोटा देशाचा आहे, नरसिंहचा नाही. तेव्हा ट्रायल घ्या, जिंकेल तो जाईल.

बोलणं चुकीचं नव्हतं. कोटा खरोखर देशाच्याच नावानं असतो. पण जागा कमावणाऱ्यालाच पाठवायचं, हा आपल्याकडचा रिवाज होता. शेवटी प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि जून २०१६ मध्ये सुशीलची याचिका फेटाळली गेली. ऑलिम्पिक दोन महिन्यांवर! पुढं नरसिंह डोपिंग चाचणीत अडकला. जेवणात कुणीतरी काहीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. ‘नाडा’नं ते मानलं, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं मानलं नाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. रिओत ७४ किलोच्या मॅटवर भारताकडून कुणीच उतरलं नाही.

आठ वर्षांनी पुन्हा तोच घोळ. ५३ किलोतली पॅरिसची जागा अंतिम पंघालनं २०२३ मध्येच कमावली होती. विनेश फोगटचा गटही ५३ चाच. मग ती ५० वर उतरली, तिथं कोटा मिळवला, फायनलपर्यंत गेली. ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी वजनात शंभर ग्रॅम जास्त भरली. बाद! आणि कोटा जिंकणाऱ्यांची पुन्हा ट्रायल होणार की नाही, हे कुस्ती महासंघानं नक्की केलं त्याच वर्षीच्या मे महिन्यात.

इथं ग्रुपचे सरळ दोन गट पडतात. ट्रायलवाले म्हणतात, आज जो ताकदवान तो जावा. कोटावाले म्हणतात, ज्यानं जागा आणली त्याला परत परीक्षा कशाला?

मी नांदेडकर असल्यामुळं माझ्या डोक्यात माळेगावची यात्रा येते. खंडोबाच्या यात्रेतल्या दंगलीत कोटा नाही, वजनगटाची कटकट नाही. पंच दोघांना शेजारी उभं करतात, अंगकाठी बघतात आणि जोड लावतात. आखाड्याभोवतीच्या लोकांना जोड पटली नाही तर तिथंच आरडाओरडा होतो. पण तो हात भिडायच्या आधी होतो! एकदा सलामी झाली की मग निकाल लागतो तो कुस्तीनं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ट्रायल ठेवा, कोटा ठेवा, हवं तर वाइल्ड कार्डही ठेवा. पण जे काय ठेवणार ते पहिली कुस्ती लागायच्या आधी भिंतीवर लिहा आणि नंतर नाव बघून खोडू नका. आपल्या ऑफिसात अप्रेझलचे निकष मार्चमध्ये बदलले तर आपण कॅन्टीनमध्ये किती बोंब मारतो! आणि आपल्याला पुढच्या वर्षी पुन्हा संधी असते. पैलवानाचं अंग दहा-बारा वर्षं साथ देतं. ऑलिम्पिक येतं चार वर्षांनी. हिशेब करा, हातात संधी किती? दोन, फार तर तीन. त्यातली एक कोर्टाच्या तारखांत गेली तर ती भरून कोण देणार?

राहुलला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, पोलिस दलात अधिकाऱ्याची नोकरीही मिळाली. त्याच्या ६१ किलोच्या नियमात लपवाछपवी नव्हती. विल्किन्सनच्या बोनससारखा तो आधीपासून कागदावर होता. म्हणून त्याची हळहळ वाटते, राग येत नाही. ७४ किलोच्या वेळी राग येतो, आणि गंमत म्हणजे तो नरसिंहचाही येत नाही, सुशीलचाही नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. ज्यांनी नियम आधी लिहून ठेवायचा होता, ते तेवढे गप्प होते.

पुढचं ऑलिम्पिक २०२८ चं, लॉस एंजेलिसला. आमच्या ग्रुपवर तेव्हाही भांडण होणार, यात शंका नाही. फक्त ते कुस्तीवरून व्हावं, कागदावरून नको.