रक्ताची पत्रिका

पुतणीच्या लग्नाचीं बोलणीं पक्कीं होत आलीं होतीं. ३६ पैकीं २८ गुण जुळले होते. इतक्यांत तिच्या रक्ततपासणीचा कागद आला : ती थॅलेसेमियाची वाहक आहे. हा कांहीं आजार नव्हे. दोन जनुकांपैकीं एक सदोष, एवढेंच. असें माणूस जन्मभर धडधाकट राहतें. मात्र पतिपत्नी दोघेंहि वाहक असलीं, तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक संभव असा, कीं मूल आजार घेऊनच जन्मेल आणि दर तीन-चार आठवड्यांनीं परक्याच्या रक्तावर त्याला जगावें लागेल.

सुधारक म्हणविणारा मी तिला म्हणालों, “कशाला बोलायचें? उगाच मोडेल.”

ती म्हणाली, “काका, मंगळ असता तर सांगितला असतात ना? हें तर खरें आहे.”

तिनें मुलाला सांगितलें. त्याचा कागद येईपर्यंत घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. तो वाहक नव्हता, लग्न ठरलें. पण असता तरी काय? सायप्रसमध्यें १९८३ पासून चर्च विवाहापूर्वीं या तपासणीचा दाखला मागूं लागलें. दोघेंहि वाहक निघालेलीं बहुतेक जोडपीं तरीहि लग्न करतात. मग गर्भाची वेळींच तपासणी करून पुढचें तीं जाणतेपणीं ठरवितात.

पुढें मींहि रक्त तपासून घेतलें. मी वाहक निघालों. लग्नाच्या बाजारांत मला हें कधीं कोणी विचारलेंच नव्हतें.