काढायचं किती, राखायचं किती

कमरेची सरकलेली चकती काढायची म्हणजे प्रत्यक्षात एक पांढरट, चिवट तुकडा काढायचा असतो. पुष्कळदा तो फुटाण्याएवढाच असतो. त्याच्यापर्यंत पोचताना कातडी, स्नायू, हाडाची कड, पिवळा अस्थिबंध आणि शेवटी खुद्द नस, एवढं सगळं वाटेत येतं आणि यातलं बहुतेक सगळं निरोगी असतं. या निरोगी गोष्टी किती शाबूत राहिल्या, यावर मी माझं काम मोजतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही मला असाच दिसतो. 1934 मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी चकतीचा फुटलेला तुकडा नस दाबतो आणि त्यातून सायटिका, म्हणजे पायात उतरणारी कळ, होते, हे दाखवून दिलं. त्या काळी मणक्याची मागची कमान मोठ्या प्रमाणात काढून आत शिरावं लागे. 1977 मध्ये यासारगिल आणि कास्पर यांनी आपापल्या परीने सूक्ष्मदर्शक आणला आणि जखम आखूड झाली. 1997 मध्ये अमेरिकेतल्या फोली आणि स्मिथ यांनी नळीतून दुर्बिणीने काम करण्याची रीत मांडली. तुकडा तोच राहिला. दर पिढीने वाटेतली मोडतोड कमी केली.

रुग्णाला पालथं झोपवताना पोट मोकळं लटकतं आहे ना, हे मी स्वतः पाहतो. पोटावर दाब आला की मणक्याच्या पोकळीतल्या शिरा फुगतात आणि एवढ्याशा जागेत रक्ताचा एक थेंबही दृष्टी अडवतो. मग सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली सुई ठेवून मणके मोजायचे. त्रास बहुधा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये किंवा पाचव्याच्या खाली असतो. पण काहींच्या कमरेत मणक्यांची रचनाच जराशी वेगळी असते आणि मोजणी फसू शकते. म्हणून पुन्हा मोजायचं.

मध्यरेषेच्या बाजूला साधारण दोन सेंटिमीटरचा छेद. त्यातून आधी बारीक, मग क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवायच्या. स्नायूंचे तंतू कापले न जाता बाजूला होतात. शेवटची नळी सोळा-अठरा मिलिमीटरची, ती टेबलाला जोडलेल्या दांड्यावर पक्की बसते. जुन्या पद्धतीत हेच स्नायू हाडावरून खरवडून सोडवावे लागत. पाठ सावरून धरणारे ते स्नायू, त्यांना शक्य तितकं कमी दुखवायचं.

पिवळा अस्थिबंध उघडला की थोडी चरबी, नाजूक शिरा आणि मग नस दिसते. दाबलेली नस लालसर, सुजलेली, ताणलेली असते. बाजूला सरकायला तयार नसते. इथे हाताची घाई चालत नाही. ओढली तर ती दुखावते आणि पाऊल लुळं पडू शकतं. आधी जागा करायची, तुकडा नसेच्या कोणत्या बाजूला आहे ते ओळखायचं, तो हलकेच सोडवायचा. तुकडा निघाला की नस आपोआप सैल होते. नस धरून ठेवणारं हत्यारही मी मधूनमधून सोडतो, तिला विसावा मिळावा म्हणून.

खरा निर्णय यानंतर असतो. उरलेल्या चकतीतून अजून किती काढायचं? फार खरवडली तर मणक्यांमधली उंची घटते आणि पुढे कंबर दुखत राहण्याची भीती असते. फक्त सुटा तुकडा काढला तर त्याच भोकातून पुन्हा काही बाहेर येऊ शकतं. शंभरातल्या पाच ते दहा जणांना असा त्रास परत होतो. मी सुटं झालेलं आणि सहज हाताला येणारं तेवढंच काढतो. हा धोका रुग्णाला आधीच सांगतो, कारण चकती त्याची आहे.

छोट्या छेदाचं कौतुक मलाही आहे. सुरुवातीचे दिवस सोपे जातात, बहुतेकजण दुसऱ्या दिवशी चालत घरी जातात. पण वर्षभराने पायाचं दुखणं पाहिलं, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या उघड्या शस्त्रक्रियेत आणि नळीतल्या शस्त्रक्रियेत फारसा फरक उरत नाही. छेदाच्या लांबीपेक्षा शस्त्रक्रिया कोणाची करायची हे जास्त महत्त्वाचं ठरतं. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत औषध, हळूहळू चालणं आणि व्यायाम यांनी उतरतं. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, मोठे तुकडेसुद्धा. आणि काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या चकत्या सापडतात.

तरी ‘थांबा’ म्हणणं सोपं नसतं. भाजीची पाटी डोक्यावर घेणारी एक बाई मला म्हणाली, “डॉक्टर, घरी बसले तर चूल कशी पेटेल? एकदाचं करून टाका.” मी म्हटलं, “मावशी, पायातली ताकद शाबूत आहे, अजून तीन आठवडे थांबू या. ताकद कमी वाटली तर त्याच दिवशी या.” तिच्या दुखण्याइतकीच तिची रोजची मिळकतही माझ्या निर्णयात असते. सगळे उपाय करूनही पायाचं दुखणं सुटत नसेल आणि तपासणी एमआरआयच्या अहवालाशी जुळत असेल, तर शस्त्रक्रिया लांबवण्यातही अर्थ नाही.

वाचकांना एवढंच सांगतो. लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर एक दिवसही थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. असं काही नसेल तर शरीराला वेळ द्या. शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर छेद किती लहान असेल हे नंतर विचारा. माझं दुखणं, तपासणी आणि एमआरआय एकाच नसेकडे बोट दाखवतात का, हे आधी विचारा.