आळशी कोण?

जगात अस्वलाच्या जाती अवघ्या आठ. पांढरे अस्वल उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात सीलची शिकार करते, पांडा चीनच्या डोंगरांत बांबूवर जगतो, तर डोळ्यांभोवती चष्म्यासारखी वलये असलेले अस्वल दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात राहते. अमेरिकेचे काळे अस्वल उत्तर अमेरिकेबाहेर आढळत नाही. उरलेल्या चारही जाती भारतात आहेत. हिमालयात तपकिरी व काळे, ईशान्येस सूर्य-अस्वल, आणि चौथे आमच्या गडचिरोलीच्या रानातले.

या चौथ्याला इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने लांब नखांवरून त्याला झाडाला लटकणाऱ्या स्लॉथच्या गोतात बसविले. पुढे चूक उमगली, पण आळशीपणाचा शिक्का राहिला.

माझ्या आईला अक्षरओळख नाही, पण या अस्वलाला ती आळशी म्हणणार नाही. ते कठीण वारूळ नखांनी फोडते. वरचे मधले दोन दात नसल्याने त्या फटीतून वाळवी ओढून घेते. चैत्रात मोहफुले गळू लागली की आई उजाडण्यापूर्वी टोपली घेऊन निघते. अस्वलही त्याच झाडाखाली येते. अचानक माणूस दिसला तर ते अंगावर धावते, म्हणून बायका मोठ्याने बोलत जातात. त्या फुलांच्या पैशांतून माझी फी भरली जाते.

वाचक मित्रहो, पहाटेच्या त्या झाडाखाली आळशी कोणीच नसते. पोट दोघांनाही आहे, आणि मोहाची झाडे मोजकीच.