चूल काढली त्याची गोष्ट

२०२४ ची दिवाळी झाली आणि आम्ही घरातली चूल काढली. एवढं एक वाक्य लिहून थांबलं तरी चालण्यासारखं आहे. पण लातूरची लेक आणि पुण्याची नात, दोघी मागं लागल्यात, "आप्पा, सविस्तर लिहा." तेव्हा लिहितो. यातल्या काही गोष्टी त्यांनाही ठाऊक नाहीत.

शहरातल्या मंडळींसाठी आधी थोडं सांगायला हवं. मातीची चूल ही काही कायमची वस्तू नव्हे. दर दोन-तीन वर्षांनी ती खचते, तडकते, मग आमची आई नवी घालायची. चिकण माती, त्यात भुसकाट, मिळाली तर घोड्याची लीद. माती चांगली मुरू द्यायची, तुडवायची, आणि मग हातानंच तिला आकार द्यायचा. बाजूला वैल, म्हणजे कालवण रटरटत ठेवायला दुसरं तोंड, आणि मागं भांडी टेकवायला भानवस. आठ-दहा दिवस सावलीत वाळली की हळद-कुंकू वाहून पहिला जाळ. तर चूल अशी बदलत राहायची, जागा मात्र तीच. माझ्या आजीच्या वेळेपासून वैरागच्या आमच्या घरात चूल त्याच कोपऱ्यात होती.

घर माळवदाचं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर तुळया, त्यावर किलचाण आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती. उन्हाळ्यात गारवा असा की पंख्याची आठवण येत नसे. स्वयंपाकघरात चुलीच्या बरोबर वर माळवदाला एक भोक होतं, त्याला आमच्याकडं साणं म्हणतात. उजेड त्यातूनच यायचा आणि धूरही त्यातूनच जायचा. सकाळी आई भाकरी करत बसली की उन्हाची एक तिरीप साण्यातून खाली आलेली असायची, आणि तिच्यातून धूर वर चढताना दिसायचा. पावसाचं चिन्ह दिसलं की माळवदावर पळत जाऊन साणं झाकायचं, हे लहानपणी माझं काम होतं. हे साणं लक्षात ठेवा, पुढं त्याचंच सगळं आहे.

मधे एकदा निर्धूर चूलही येऊन गेली. १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, तो २००२ पर्यंत चालला. त्याच काळात आमच्या घरी दोन तोंडांची, मागं सिमेंटच्या पाइपाचं धुराडं असलेली चूल बसली. दोन-तीन महिने झकास चालली. मग पाइप काजळीनं भरला. तो दर पंधरवड्याला साफ करायचा असतो हे मला माहीत होतं, पण वर चढून साफ कोण करणार? मी शाळेत आणि बायका स्वयंपाकात! शेवटी आईनं ती फोडून आपली जुनी चूल परत घातली. त्यात दोष चुलीचा नव्हता.

मग १९९३ साल आलं. गणपती विसर्जनाची रात्र संपून ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आजूबाजूची गावं गेली. आमच्याकडं भिंतींना भेगा पडल्या, भानवशीवरची भांडी खाली आली, माणसं मात्र वाचली. पण त्या भागात जी माणसं दगावली ती बरीचशी आमच्यासारख्याच घरांत, दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली, हे कळल्यावर माळवदाखाली झोप येईना. पुढचे कित्येक दिवस आम्ही अंगणात झोपलो. तीन दगड मांडून स्वयंपाकही अंगणातच.

१९९४ च्या उन्हाळ्यात मी फंडातून कर्ज काढलं, माळवदाची सगळी माती उतरवली आणि पत्रे टाकले. किती गाड्या माती निघाली ते सांगितलं तर खोटं वाटेल. गवंड्यानं विचारलं होतं, "गुर्जी, चुलीवरचं साणं कसं करायचं? पत्र्याला भोक ठिवू का?" मी म्हणालो, "भोक ठेवलं तर पाऊस येईल. राहू दे." आई काहीतरी बोलली होती. मी तिला समजावलं, की खिडकी आहे ना, धूर खिडकीतून जाईल.

धूर खिडकीतून जात नाही. धूर वर जातो, पत्र्याला लागतो, आणि तिथून खाली उतरून बसलेल्या माणसाच्या डोक्याशी येऊन थांबतो. हे मी आज लिहितोय. त्या वेळी मी घर सुरक्षित केल्याच्या समाधानात होतो.

गॅस आमच्याकडं १९९१ लाच आलेला होता, तरी चूल राहिली. चहा, दूध, भाजी गॅसवर आणि भाकरी चुलीवर. आमच्या भागात ज्वारी म्हणजे मालदांडी, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली. तिची भाकरी तव्यावरून काढून आरासमोर उभी केली की जी टम्म फुगते आणि तिला जो खमंगपणा येतो, तो गॅसवर नाही. मला गॅसवरची भाकरी आवडत नव्हती, हे सरळ लिहून टाकतो. शिवाय जळणाला तोटा नव्हता. बार्शी तालुका तुरीचा, दर वर्षी तुराट्यांची गंजी घरामागं उभी असायचीच. आई २००१ मध्ये गेली. त्यानंतर चूल ठेवायला 'आईची आठवण' हे आणखी एक कारण मिळालं.

हिचा खोकला केव्हा सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही. 'हिवाळ्यात होतो' असं आम्ही कित्येक वर्षं म्हणत आलो. मग जिना चढताना दम, मग बाजारातून येताना दोन ठिकाणी बसणं. २०२३ च्या हिवाळ्यात बार्शीला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नळीत जोरात फुंकायला लावून तपासणी केली, कागद पाहिला आणि हिलाच विचारलं, "आजी, बिडी किती वर्षं ओढली?" ही हसायला लागली, हसता हसता खोकल्याची उबळ आली. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "चुलीवर किती वर्षं?"

हिनं बोटांवर मोजलं. माहेरची धरून साठाच्या वर भरली.

आजाराचं नाव सीओपीडी. श्वासनळ्या अरुंद होत जातात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं. घरी आल्यावर मी वाचायला बसलो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ सालीच 'लॅन्सेट' मध्ये लिहून ठेवलं होतं, की हा रोग आयुष्यात कधी धूम्रपान न केलेल्यांनाही होतो, आणि लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांचा घरातला धूर हे त्याचं मोठं कारण आहे. मी तसा मराठीचा शिक्षक. पण विज्ञानाचे गुरुजी रजेवर असले की सातवीला श्वसनसंस्था मीच शिकवत असे. फळ्यावर फुफ्फुसांची आकृती काढून 'धुराचे दुष्परिणाम' लिहून द्यायचो, आणि घरी येऊन चुलीवरची भाकरी खायचो.

आता जे लिहितो ते मुलांना माहीत नाही. डॉक्टरांकडून आल्यावर 'चूल बंद केली' असं मी सगळ्यांना फोनवर सांगितलं. ती पूर्ण बंद झालेली नव्हती. पाहुणे आले की, थंडी पडली की, कधी नुसतीच तोंडाला चव नसली की मीच म्हणायचो, "आज एक दिवस कर की." आणि ही करायची. चूल जागेवर आहे तोवर हे संपणार नव्हतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्री हिला श्वास घेता येईना. पाच दिवस दवाखान्यात काढले. परत आल्यावर मी स्वतः गवंड्याला बोलावलं.

राहत्या घरातलं काम म्हणजे काय ते ज्यांनी काढलंय त्यांनाच ठाऊक! गवंडी म्हणाला, "गुर्जी, काकूंना आठ दिस लेकीकडं धाडा. लई धुरळा हुणार." ही जायला तयार नाही. म्हणजे घर सोडायचं नाही आणि धूळ तर एक कण सोसायची नाही. मग तोड अशी काढली, की स्वयंपाकघराच्या दाराला ओल्या चादरी टांगायच्या, काजळी खरवडण्याआधी पत्र्यावर आणि भिंतीवर पाणी मारायचं, आणि ही घरात न थांबता दिवसभर समोरच्या अंगणात लिंबाखाली बसणार. गॅसची शेगडी पडवीत आणली. भाकऱ्या शेजारणींनी आळीपाळीनं पाठवल्या. दोघींच्या चुलीवरच्या होत्या. मी मुकाट्यानं खाल्ल्या, चांगल्या लागल्या. काय करणार!

पहिला घाव घालायच्या वेळी मला वाटलं, ही रडेल. सासूच्या हाताखाली जिथं पहिली भाकरी थापली ती जागा. मी गवंड्याला जरा थांबवलं. ही तोंडाला पदर लावून दारापर्यंत आली, चुलीला हळद-कुंकू वाहिलं आणि गवंड्याला म्हणाली, "घाल बाबा, घाल." मी म्हणालो, "तुला काही वाटत नाही का?"

"काय वाटायचंय?" ही म्हणाली. "भाकरी तुम्ही खाल्ली, धूर मी खाल्ला."

रागानं नाही म्हणाली. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाली, आणि लिंबाखाली जाऊन बसली. गवंडी खाली मान घालून पहार शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

चूल दहा मिनिटांत पडली. वेळ लागला तो खालच्या जमिनीला. हातभर खोलपर्यंत माती भाजून विटेसारखी लाल आणि टणक झालेली. पहार वाजायची. ती काढून मुरूम भरला, त्यावर काँक्रीट, वर शहाबादी फरशी, आणि उभ्यानं स्वयंपाक करायला कडप्प्याचा ओटा. गवंड्यानं पत्र्याकडं बघून विचारलं, "वर भोक पाडून पंखा बसवू का, वाफ जायला?" तीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनीच मला विचारलं होतं. मी म्हणालो, "बसव." भोवती डांबरी पट्टी लावली. गेल्या पावसाळ्यात पाण्याचा एक थेंब आला नाही.

भाजलेल्या मातीची सात-आठ घमेली निघाली. ती लिंबाच्या आळ्यात टाकली.

डिसेंबरच्या ३० तारखेला येळवस होती. आमच्याकडं वेळ अमावस्येला सगळे शेतात जेवतात. आंबील, बाजरीचे उंडे, आणि भज्जी, ती वीस-पंचवीस माणसांची, गॅसवर होण्यासारखी नाही. बांधाजवळ तीन दगड मांडले. सून पुढं सरसावली तर ही म्हणाली, "तू नको. ह्यांना बसू दे."

मी बसलो. तुराट्या जरा दमट होत्या. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अर्ध्या तासात छाती भरून आली. ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला, बरीच लांब, खुर्चीवर बसलेली. तिथून सूचना चालू. "जळण आत सारा, बाहेर आलंय. बेसन लावायच्या आधी जाळ कमी करा. अहो, फुंकताना तोंड बाजूला घ्या!"