वेशीवरची सोबत

मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप आणि भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराचीत झाला. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल, कराचीचे आर्चबिशप जोसेफ कॉर्डेरो यांचा जन्म १९ जानेवारी १९१८ रोजी मुंबईत झाला. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली म्हणजे आपल्या ख्रिस्ती समाजाचा एक विसरलेला नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीचा स्वतंत्र धर्मप्रांत तर १९४८ साली, म्हणजे फाळणीनंतर स्थापन झाला. तोवर कराचीचे कॅथलिक भाविक मुंबईच्याच महाधर्मप्रांतात मोडत असत.

हे आम्ही केवळ इतिहासाच्या हौसेने सांगत नाही. आमच्या आईची एक मावशी गिरगावातून लग्न होऊन १९३० च्या सुमारास कराचीला गेली, तेव्हा ती परदेशी गेली असे कोणी म्हटले नाही. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, एवढेच ते अंतर होते. त्या मावशीच्या शेजारच्या घरातील एक मुलगी १९९४ च्या मे महिन्यात आमच्या थोरल्या बंधूंशी विवाहबद्ध होऊन लालबागच्या चाळीत आली, ती मात्र पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन. तिचे घराणे मूळचे गोव्यातील बार्देशचे. आजोबा नोकरीसाठी कराचीला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. त्यांच्या या नातीचा बाप्तिस्मा कराचीतील सेंट पॅट्रिक्स कथीड्रलमध्ये झाला, लग्न दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये झाले, आणि ती आमची वहिनी झाली.

आम्ही त्या वेळी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत होतो. लग्नाच्या मिस्साबलीत पहिले वाचन आम्हीच केले. ते रूथच्या पुस्तकातील होते. सासूची सोबत न सोडणाऱ्या त्या परदेशी सुनेची कथा लग्नप्रसंगी अनेकदा वाचली जाते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. परंतु त्याच छोट्या पुस्तकात पुढे दोन गोष्टी आहेत, त्यांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पहिली अशी की रूथ बेथलेहेमला आली, शेतात राबली, सर्वांची लाडकी झाली, तरी तिचा उल्लेख ‘मवाबी’ म्हणून होतच राहतो. दुसरी अशी की बवाजाने तिला घरात घेण्यापूर्वी गावच्या वेशीवर जाऊन दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतले आणि सर्वांसमक्ष रीतसर व्यवहार पुरा केला. प्रेम घरात असते. परंतु त्याला मान्यता मिळते ती वेशीवर, आणि तेथे कोणीतरी आपले माणूस उभे राहावे लागते. वहिनींना या देशाचे नागरिकत्व मिळेपर्यंत तेवीस वर्षे आणि नऊ महिने गेले. या दोन गोष्टींचा अर्थ आम्हांला त्या काळात कळत गेला.

पुष्कळांची अशी समजूत असते की भारतीय पुरुषाशी लग्न झाले की पत्नी आपोआप भारतीय होते. तसे नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे विवाहाच्या नात्याने नागरिकत्वाची नोंदणी करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याआधी काही वर्षे भारतात वास्तव्य असावे लागते. वहिनी आल्या तेव्हा ही मुदत पाच वर्षांची होती. २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली व ही दुरुस्ती २००४ च्या डिसेंबरात अमलात आली. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तेथून राज्याच्या गृह खात्याकडे आणि मग दिल्लीला. प्रत्येक टप्प्यावर चौकशी असते. मूळ नागरिकत्व सोडल्याचा दाखलाही द्यावा लागतो, कारण आपल्या देशात दुहेरी नागरिकत्वाला वाव नाही.

वहिनींचा पहिला अर्ज २००२ साली दाखल झाला. पुढे एका कचेरीत तो सापडेनासा झाला आणि दुसरा अर्ज करावा लागला. तोवर दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहायचे, मुदत संपण्यापूर्वी ती वाढवून घ्यायची, पोलिसांकडील नोंद चुकू द्यायची नाही, हा नेम झाला. बंधू परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. त्यांच्या वर्षाच्या रजा माहेरपणासाठी वा सहलीसाठी खर्च झाल्या नाहीत. त्या कचेरीतील बाकांवर खर्च झाल्या. त्यांनी एक नियम मात्र कधी मोडला नाही: वहिनींना त्या बाकावर एकटे बसू द्यायचे नाही. बंधूंना रजा नसेल तेव्हा आम्ही गेलो, आणि आम्हांला धर्मग्रामाच्या कामातून सवड नसेल तेव्हा आमची वृद्ध आई गेली. तिला कागदातले काही कळत नसे. ती पिशवीत पाण्याची बाटली आणि चपाती-भाजी घेऊन सुनेच्या शेजारी बसून राही.

अशा व्हिसावर ठरलेले ठिकाण सोडून अन्यत्र जायचे तर परवानगी लागते. त्यामुळे माउंट मेरीची जत्रा वहिनींना खुली होती, कारण वांद्रे मुंबईत आहे. परंतु वसईतील आमच्या नातलगांकडचे लग्न मुंबईबाहेरचे ठरे. २००४ च्या अखेरीस जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. वहिनींनी आजोबांचा गाव तोवर पाहिलाच नव्हता. त्यांनी परवानगीचा अर्ज केला. परवानगी आली तेव्हा दर्शन संपले होते. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या पुतणीने, ती तेव्हा आठ वर्षांची होती, विचारले की आपण सगळे जाऊ शकतो तर आईच का नाही. एकाच घरात, एकाच रेशनकार्डाच्या छायेत वाढणाऱ्या त्या मुलीला बापाकडून जन्मतः मिळालेली गोष्ट तिच्या आईपाशी नव्हती.

येथे प्रेषित पौलाची आठवण होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक रोमी सरदार पौलाला सांगतो की आपण हे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून मिळवले. आणि पौल त्याला सांगतो की आपण जन्मतःच नागरिक आहो. आपण बहुतेक सारे पौलाच्या बाजूचे. जे जन्मतः मिळाले त्याची किंमत काय असते, हे ज्याने ती मोजली त्यालाच विचारावे.

वहिनींची चौकशी करायला एकदा पोलीस शिपाई चाळीत आला. ही बाई कशी आहे, हिच्याकडे कोण येते-जाते, असे तो शेजाऱ्यांना विचारू लागला. गिरणीतून निवृत्त झालेले एक शेजारी दारात येऊन म्हणाले, “साहेब, माझ्या आईला शेवटचे पाणी या बाईंनी पाजले. आणखी काय लिहून हवे ते सांगा, मी सही करतो.” शिपायाने वहीत काय लिहिले ते आम्हांला ठाऊक नाही. परंतु बवाजाच्या वेशीवर बसलेल्या दहा वडीलधाऱ्यांपैकी एक त्या दिवशी आम्हांला लालबागच्या चाळीत दिसले.

नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरचे दिवस कठीण गेले. ते सारे दहशतवादी समुद्रमार्गे कराचीहून आले होते. शहर आपल्या मृतांसाठी रडत होते आणि वहिनीही रडत होत्या. परंतु आपले अश्रू कोणी खरे मानील की नाही, अशी भीती त्यांच्या डोळ्यांत होती. बाजारात कोणी माहेर विचारले तर त्या ‘गोवा’ म्हणू लागल्या. ते खोटे नव्हते; परंतु ज्या शहरात आपला जन्म झाला त्याचे नाव ओठांवर न आणण्याची शिक्षा त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. आमच्या आईने ती मोडून काढली. कराचीहून शिकून आलेली बिर्याणी तिने नाताळच्या दिवशी वहिनींना मुद्दाम करायला लावली आणि चाळीत वाटताना प्रत्येक दारात सांगितले, “ही आमच्या सुनेच्या माहेरची, कराचीची.”

२०१२ च्या फेब्रुवारीत वहिनींची आई कराचीत वारली. दुसरा अर्ज त्या वेळी अर्ध्या वाटेवर होता. देश सोडून गेल्यास परतीचा व्हिसा केव्हा मिळेल आणि सलग वास्तव्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून तर सुरू होणार नाही ना, याची खात्री कोणी देईना. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ च्या अखेरीसच बंद झाली होती. पुढचे सारे इस्लामाबादवरून व्हायचे. एका रात्रीत ठरवायचे होते. वहिनींनी मुलीच्या खोलीचे दार किलकिले करून पाहिले आणि म्हणाल्या, “मी जात नाही.” कराचीत ज्या वेळी अंत्यविधी होता, त्याच वेळी आम्ही आमच्या धर्मग्रामात मिस्साबली अर्पण केला. चाळीतील अवघी माणसे आली. त्यांत ख्रिस्ती थोडे होते.

त्या रात्री आम्ही रूथचे पुस्तक पुन्हा उघडले. नामीने आपल्या दोन्ही सुनांना आपापल्या आईच्या घरी परत जाण्यास सांगितले होते. रूथ गेली नाही. तिच्या आईचे पुढे काय झाले, हे त्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. नागरिकत्व मिळणे म्हणजे काहीतरी हाती येणे, असे आपण समजतो. परंतु परक्या देशातून आलेल्या माणसाच्या हातून आधी काहीतरी सुटत असते, आणि ते सुटताना तो हात धरायला घरचे माणूस लागते. सरकार प्रमाणपत्र देऊ शकते. ते येईपर्यंत आणि आल्यानंतरही त्या माणसाचे जे हरवले आहे त्याला घरात जागा देणे, हे सरकारचे काम नव्हे. ते आपले आहे.

२३ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्या तेथील अल्पसंख्य समाजांतील लोकांची नागरिक म्हणून नोंदणी करण्याचे अधिकार तिने काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर यांचा त्यांत समावेश होता, आणि त्या समाजांत ख्रिस्तीही होते. २०१८ च्या फेब्रुवारीत फोर्टमधील जुन्या कस्टम हाउसमध्ये, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, वहिनींनी भारतीय संविधानाशी निष्ठेची शपथ घेतली. बाहेर आल्यावर बंधूंनी पेढे काढले. वहिनींनी पेढा हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, “भाऊजी, आता आईच्या थडग्यावर फुले वाहायची तर मला व्हिसा मागावा लागेल.” आम्ही त्यांना उपदेशाचे काही सांगितले नाही. तेथे उपदेशाची गरज नव्हती.

२९ एप्रिल २०१९ रोजी वहिनींनी बावन्नाव्या वर्षी पहिले मतदान केले. सकाळी सातला त्या रांगेत सर्वांच्या पुढे होत्या. २०२४ च्या डिसेंबरात, जुन्या गोव्यातील पुढच्या दर्शनाला, त्या कोणाचीही परवानगी न घेता गेल्या आणि परतताना बार्देशमधील आजोबांच्या गावी दोन दिवस राहिल्या.

सुज्ञ वाचकहो, आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्म्याचे दाखले मागायला पुष्कळ लोक येतात. त्यांतील काहींना ते पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी हवे असतात, कारण त्यांचे वाडवडील १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलातील गोव्यात जन्मलेले असतात. पोटापाण्यासाठी दूर जाणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. आपल्या समाजाचे अर्धे संसार बोटींवर उभे राहिले आहेत. मात्र दाखल्यावर शिक्का मारताना आम्ही त्यांना एवढे सांगतो की तो पासपोर्ट हाती आला की आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे हे नागरिकत्व सुटते. तेव्हा घरच्या सर्वांशी बोलून, जे सुटणार त्याचीही नीट मोजदाद करून मग पाऊल उचलावे.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामचे भीषण हत्याकांड झाले आणि त्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले. त्या संध्याकाळी वहिनींनी कपाटातून आपले प्रमाणपत्र काढून पाहिले, पुन्हा घडी करून ठेवले आणि म्हणाल्या, “ज्या सुनांपाशी हे अजून नाही, त्यांच्या घरी आज जेवण झाले असेल का?”

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या ख्रिस्ती निर्वासितांचाही त्यांत समावेश आहे. त्याच वर्षी गोव्यात अशा एका वयोवृद्ध ख्रिस्ती गृहस्थांना नागरिकत्व मिळाले. या कायद्यातून कोणाला वगळले यावरून देशात तीव्र मतभेद आहेत, आणि वहिनींचा प्रश्न तर सर्वच धर्मांतील सुनांविषयी होता.

आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर असेल. कराचीची सून असेल, अन्य देशातून आलेला जावई असेल. त्यांची कागदपत्रे एका फाइलमध्ये लावून द्या; बाप्तिस्मा, विवाह आणि पासपोर्ट या तिन्हींवरील नावाची अक्षरे एकसारखी आहेत का, ते आजच पाहा. त्यांच्या माहेरचे सण आपल्या घरी होऊ द्या, आणि त्यांच्या मृतांची नावे आपल्या मिस्साच्या यादीत घाला. आणि कचेरीची तारीख लागली की एवढेच विचारा: उद्या बाकावर शेजारी कोण बसणार आहे?